आईचा ब्लाउज

बारावीच्या निरोप समारंभासाठी माझ्या मुलीला तिच्या आईची साडी नेसायची होती. सासूबाईंनी नेसवून दिली. जुना ब्लाउज असा बसला, की एक टाकासुद्धा उसवावा लागला नाही.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "अगदी आईवर गेलीय. हो की नाही, जावईबापू?"

पूर्वी हे ऐकून मला बरं वाटायचं. पण काल डॉक्टरांनी बोलावून, जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्याच्या नव्या तपासणीवरून सांगितलं होतं, की बायको ज्या स्तनाच्या कॅन्सरने गेली तो तिच्या जनुकातल्या दोषामुळे झाला होता. दोष मुलीतही उतरलेला असू शकतो. ती अठरा वर्षांची झाली की रक्त तपासून घ्या. मी घरात कोणालाच बोललो नव्हतो.

"नाही," मी म्हणालो. "ती माझ्यावर गेलीय. सगळीच्या सगळी."

"काहीतरीच. नाक तरी आहे का तुमचं?" सासूबाई हसल्या.

मुलगी हसली नाही. आनुवंशिकतेचा धडा तिचा कधीच शिकून झाला होता. आरशातून ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"अर्धीच, बाबा," ती म्हणाली. "अर्धी आईची असतेच."

आणि तिने पदर छातीवरून घट्ट ओढून घेतला.