मावशीची कॉमेंट

मसाल्याच्या कंपनीतला माणूस फोनवर गोडच बोलला. "मॅडम, लेखाखालची ती कॉमेंट तेवढी काढा. पेमेंट उद्याच करतो."

कॉमेंट वेंगुर्ल्याच्या मावशीची होती. 'अगो, पण तुझ्या बांगड्याच्या तिखल्यात मसाला तर मी पाठवते तोच असतो ना?' चार वर्षं हेमांगी हौसेखातर ब्लॉग लिहीत होती, तेव्हा एका बोटानं टाइप करत दर लेखाखाली कौतुक करणारी मावशी एकटीच. पैशांसाठी कंपनीच्या मसाल्याचं कौतुक करणारा हा पहिलाच लेख, तोही मसाल्याचं पाकीट न फोडता लिहिलेला.

हेमांगीनं कॉमेंट पुसली. संध्याकाळी मावशीनं पुन्हा लिहिली, शब्द न् शब्द तीच. हेमांगीनं तीही पुसली.

मे महिन्यात मावशीचा मसाल्याचा डबा नेहमीसारखा आला. पाठोपाठ फोन. "दोनदा लिहिलं गो, दोनदा माझ्याच हातून पुसलं गेलं. आता बोटं ऐकत नाहीत, म्हणून लिहिणंच सोडलं. वाचते मात्र सगळं. मसाला कसा झालाय यंदा?"

"मस्त झालाय," हेमांगी म्हणाली. डब्याचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं.