घरचा मणी

हैबतीचा पहिला दगड शेकरूच्या मागच्या पायावर बसला आणि त्याच क्षणी ओढ्यापलीकडच्या बांबळ्यांच्या घरातून किंकाळी आली.

"बायकांसारखा ओरडतोय लेकाचा!" हैबती दात काढून हसला. नामदेव बांबळ्याच्या पोराने हैबतीची लेक सगुणा पळवून नेली होती. आज बापाची हाडं खिळखिळी करायची, असं ठरवूनच तो आला होता.

नामशेष झालेलं शेकरू या जंगलात पुन्हा सोडलं, तेव्हा प्रकल्पवाल्यांनी एकेक जनावर एकेका घराला जोडून दिलं होतं. घरातल्या एकाच्या मानेत मण्याएवढं यंत्र बसायचं. शेकरूला लागलं की त्या माणसाला तसंच लागायचं. तेव्हापासून रानात कुणी गलोल नेली नव्हती. हे शेकरू बांबळ्यांच्या घराचं; त्यांचा मणी नामदेवच्या मानेत बसवला होता.

दुसऱ्या दगडाने शेकरू फांदीवरून खाली आपटलं. हैबतीने त्याची झुपकेदार शेपटी पायाखाली दाबली आणि कोयता पाठीत घातला. मग पुन्हा घातला. पलीकडची किंकाळी मधेच तुटली.

थोड्या वेळाने झुडपं तुडवत कुणीतरी धावत आलं. नामदेव होता, अगदी धडधाकट.

"तू?" हैबतीच्या हातातला कोयता गळला. "तुला काहीच कसं झालं नाही?"

रक्ताने माखलेलं जनावर नामदेवने दोन्ही हातांनी उचललं.

"लग्न झालंच नाही, असं सांगत फिरत होतास ना, हैबती? अरं, झालं होतं. आपल्या रीतीप्रमाणं हळदीलाच घरचा मणी नव्या सुनेच्या मानेत गेला."