एकही हरकत नाही

"तीन वर्षं! तीन वर्षांत एकाही माणसाने तोंड उघडलं नाही, आणि तुम्ही आज येताय?"

श्रीपादने टेबलावर हात आपटला. कपातला चहा बशीत आणि टेबलावर सांडला. समोर बसलेल्या अंबादासने मांडीवरची कापडी पिशवी आणखी आवळून धरली. बिचारा रविवारची सुट्टी मोडून, दोन शेअर ऑटो बदलून मानेसरहून गुडगावात आला होता. दोघांची ओळख करोल बागेतल्या मराठी गणपतीतली, आरतीला शेजारी उभं राहण्यापुरती.

भांडण 'कोठार'वरून होतं. कोठार म्हणजे माहिती साठवायचा डेटाबेस. कुणा एकाच्या मालकीचा नाही, फुकट मिळणारा. जगभरातली शंभरेक माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून तो घडवायची आणि त्यांच्यात श्रीपादच्या शब्दाला वजन होतं. नवी मोठी आवृत्ती आज संध्याकाळी सहाला पक्की व्हायची होती. तिच्यातून कोणत्या जुन्या सोयी काढायच्या, त्या यादीत श्रीपादने सगळ्यात वर लिहिला होता छुपा क्रमांक. कोठारात कसलीही नोंद केली की तिला आपोआप एक क्रमांक चिकटायचा. त्या एका लोढण्यापायी बाकी सगळं रखडतं, असं श्रीपादचं ठाम मत.

"आमच्या ब्रेकच्या कारखान्यात तोच आकडा प्रत्येक ब्रेकवर ठोकतात, साहेब," अंबादास म्हणाला. "दहा वर्षांपूर्वी कुणीतरी तशी पद्धत पाडली. उद्या एखादी खेप खराब निघाली, तर कुठल्या गाड्या परत बोलवायच्या ते त्या आकड्यावरूनच कळतं. दुसरा मागच नाही. पुढच्या महिन्यात हेड ऑफिस तुमची नवी आवृत्ती लावणार. ती लागली की आकडे गेले. सगळे प्रोग्राम बदलायचे तर मला एकट्याला वर्ष लागेल. तेवढं एक वर्ष थांबा."

"मग वेळेवर कळवायचं होतं!"

सोय काढायचा कोठारात एक रिवाज होता. आधी इशारा द्यायचा. ती सोय वापरणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर तो रोज झळकायचा: ही सोय जाणार आहे, तुम्हाला लागत असेल तर कळवा. ज्याने काढायचं सुचवलं त्यानेच इशारा लिहायचा, हरकतीही त्यानेच गोळा करायच्या, आणि तीन वर्षं वाट बघायची. श्रीपादने फेब्रुवारीत इशारा लिहिला होता. त्याला तीन फेब्रुवाऱ्या उलटून गेल्या होत्या.

"कळवलं होतं," अंबादास खाली मान घालून म्हणाला. "तीनदा."

"कुठे?"

"जिथे कळवा म्हटलं होतं, तिथे."

श्रीपादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोटं! चक्क खोटं! मला रोज शंभर मेल येतात आणि मी एकूण एक वाचतो. लोकांना सगळं फुकट पाहिजे, वर उत्तर द्यायलाही वेळ नाही. आणि ऐन वेळी वरातीमागून घोडं!"

"अरे यार, श्रीपाद, हळू बोल ना," स्वयंपाकघरातून त्याची बायको सुनेत्रा म्हणाली.

अंबादास उठला. टेबलावरचा सांडलेला चहा त्याने जाता जाता आपल्या रुमालाने पुसला. "अकरा लाख ब्रेक रस्त्यावर आहेत, साहेब," एवढंच म्हणाला आणि गेला. पाण्याचा पेला तसाच भरलेला होता.

त्याच्या मागे दार लागतंय तोच फोन वाजला.

"सर, झेलम डेटा से सलोनी बोल रही हूँ. आपका पुराना हिसाब..."

नाव ऐकताच श्रीपादचा जबडा आवळला. नोएडातल्या त्या कंपनीत त्याने नऊ वर्षं घासली होती. मालकाने बढती दिली मेहुण्याला, आणि श्रीपादच्या कोठारातल्या कामाला सगळ्यांदेखत 'फालतू समाजसेवा' म्हटलं. होळीच्या आदल्या दिवशी श्रीपाद गळ्यातलं ओळखपत्र मालकाच्या टेबलावर फेकून चालता झाला. त्या होळीला तीन वर्षं झाली, पण राग अजून तसाच ताजा होता. सलोनीने याआधी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा त्याने पुरतं ऐकूनच घेतलं नव्हतं.

"सर, पुराना सर्वर आज बंद हो रहा है," ती घाईघाईने म्हणाली. "आपके मेलबॉक्स में काफी कुछ पड़ा है. सीडी पे दे दूँ?"

"उस कंपनी का मुझे कुछ नहीं चाहिए. डिलीट करो. अभी, मेरे सामने, फोन पे."

"पक्का, सर? वापस नहीं आएगा."

"बिल्कुल पक्का."

पलीकडे की-बोर्ड खटखटला. "हो गया, सर."

श्रीपादला एकदम हलकं वाटलं. त्याच ताज्या उत्साहात त्याने संगणक ओढला आणि जगभरच्या मंडळींना कळवलं: छुपा क्रमांक काढला. तीन वर्षं वाट पाहिली, हरकती शून्य. दहाच मिनिटांत अभिनंदनाची उत्तरं यायला लागली. सहा वाजले आणि आवृत्ती पक्की झाली.

सुनेत्रा हात पुसत बाहेर आली. "मला तो माणूस खोटं बोलणाऱ्यातला वाटला नाही."

"म्हणजे मी खोटा?"

"तसं नाही म्हणत मी. पण तीनदा कळवलं म्हणाला ना? कुठे कळवलं असेल मग?"

"थांब, तुला वाचूनच दाखवतो. आंधळ्यालाही कळेल इतकं स्पष्ट लिहिलंय मी." त्याने तो जुना इशारा पडद्यावर आणला आणि मोठ्या आवाजात वाचायला लागला. "छुपा क्रमांक लवकरच बंद होत आहे. आपण तो वापरत असाल तर कृपया जरूर कळवा. प्रत्येक हरकतीचा विचार होईल. पत्ता..."

पुढचं सुनेत्राने त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"श्रीपाद ॲट झेलमडेटा डॉट कॉम."