बोवेनांचं रक्त

"वाच आता. चहा निवायची वाट बघू नकोस," इद्वल बोवेन म्हणाले.

मेरेरिडनं कागद उलगडला, पण वाचेना. टेबलाभोवती चौघंच होते. उशा लावून बसवलेले तिचे बाबा इद्वल. वय शहाऐंशी, डोळ्यांनी कधीच राजीनामा दिलेला, जीभ मात्र अजून पूर्णवेळ कामावर. शेजारी वकील मिसेस प्रोथेरो. समोर बाबांचा पुतण्या ग्विलिम, कार्डिफमध्ये घरं विकायचा धंदा करणारा. त्याच्या बोटात घराण्याचं चिन्ह कोरलेली नवी अंगठी होती. चिन्हात ड्रॅगन आहे म्हणे. मेरेरिडला ती भिजलेली कोंबडी वाटत होती.

भांडण प्लास गेल्लीचं होतं. टेकडीवरचं हे घर, खालची कुरणं आणि मेंढ्या बाबांच्या मागं कुणाच्या? बाबांची उठबस मेरेरिड करायची आणि मेंढ्यांची बाळंतपणंही तीच करायची. पण ती दत्तक होती, लहानपणी स्वान्सीच्या अनाथाश्रमातून आणलेली. "माझ्या मनात काही नाही हं मेरेरिड," ग्विलिम मागच्या खेपेला म्हणाला होता, "पण हे घर पिढ्यान्‌पिढ्या बोवेनांच्या रक्तात राहिलंय. रक्त ते रक्त." मनात काही नाही म्हणणाऱ्या माणसापासून मेंढरंसुद्धा चार पावलं लांब राहतात.

बाबा भडकतील असं तिला वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "पोराचं बरोबर आहे. हे घर ज्यानं बांधलं त्या ओवेननं जे केलं, तेच मी करणार. मेरेरिड, त्याचं मृत्युपत्र शोधून काढ. जे निघेल ते मान्य, ग्विलिम?"

"हजारदा मान्य, काका!" ग्विलिमनं मिसेस प्रोथेरोंसमोर तसं लिहूनही दिलं.

मेरेरिडला ते फार लागलं. आपलाच खड्डा, आणि फावडंही आपल्याच हातात. तरी ती एबरिस्टविथला गेली आणि ग्रंथालयात जुन्या कागदांवर मान मोडून बसली. सतराव्या शतकातल्या, ओवेनच्या काळच्या पाद्र्याच्या नोंदवहीनं तिला हसवलं. माणूस खवट होता. बाप्तिस्म्याच्या नोंदीतही कुणापुढं 'बाप दारुडा', कुणापुढं 'लग्न घाईत झाले' असे शेरे मारून ठेवलेले. मग ओवेन आणि त्याची बायको अ‍ॅनेस यांची पोरं लागली, आणि तिचं हसू थांबलं. एका पानावर नाव ठेवलेलं, पुढच्या पानावर पुरलेलं. पुन्हा नाव, पुन्हा पुरलेलं. त्यानंतर जे सापडलं ते वाचून ती उठून थेट समुद्रावर गेली आणि तिथल्या लोकांच्या रिवाजाप्रमाणं किनाऱ्यावरच्या शेवटच्या कठड्याला लाथ मारून आली. जरा जोरातच मारली.

उतरवून आणलेला कागद तिनं कुणाला दाखवला नाही. नुसतं मृत्युपत्र वाचायचं, बाकीचं गिळायचं, असं तिनं ठरवलं. घर जाईल तर जावो. स्वतःच्या पोळीवर तूप ओढलं असं कुणी म्हणायला नको. आणि या वयात बाबांच्या घराण्याची चड्डी चारचौघांत कशाला सोडायची?

आता टेबलाशी तिनं ओवेनचं मृत्युपत्र वाचलं, "'माझे घर, जमीन आणि मेंढ्या माझा मुलगा शॉन अप ओवेन यास.'"

"मुलगा!" ग्विलिमनं टेबलावर थाप मारली. मनुकांचा पाव ताटलीत उडाला. "शॉन अप ओवेन, म्हणजे ओवेनचा मुलगा! अप ओवेन, अप ओवेन म्हणता म्हणताच आपण बोवेन झालो, मिसेस प्रोथेरो. घ्या लिहून!"

मिसेस प्रोथेरोंनी पेनाचं टोपण काढलं. मेरेरिडनं खाली मान घातली.

"या शॉनचा बाप्तिस्मा कधीचा?" ग्विलिमनं विचारलं. "दारावर पितळी पाटी लावणार आहे मी."

"राहू दे ना, ग्विलिम."

"राहू दे काय? सापडलंय ना? मग वाच!"

"वाच की," बाबा म्हणाले. "पाटी हवीय त्याला."

मेरेरिडनं एका दमात वाचून टाकलं. "'शॉन. चर्चच्या ओसरीत मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेला सापडला. आईबाप ठाऊक नाहीत. ओवेन आणि अ‍ॅनेस यांनी घरी नेला. फार रडतो. देव त्या दोघांना झोप देवो.'"

मिसेस प्रोथेरोंना चहाचा ठसका लागला. ग्विलिमची अंगठी आपोआप टेबलाखाली गेली.

"म्हणजे आपण... मूळचे कोण?"

"ओसरीवरचे," बाबा म्हणाले.

"पण त्या ओवेनला रक्ताचं कुणीच नव्हतं?" ग्विलिम ओरडला. "एवढं घर उचलून द्यायला?"

मेरेरिडनं कागदाची घडी घातली. मृत्युपत्राची शेवटची ओळ राहिली होती, पण त्याचं तोंड बघून तिला त्याची दया आली.

"होता की, एक पुतण्या," बाबा म्हणाले. "त्याला ओवेननं आपली जुनी विजार दिली. गुडघ्यावर फाटलेली."

मेरेरिडनं घडी उलगडून पाहिलं. शेवटची ओळ तीच होती. पुतण्या, विजार, फाटलेला गुडघासुद्धा.

"बाबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोण? डोळे होते तेव्हा मीच वाचलंय." त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. "आमचं चौथंही पोर गेलं, तेव्हा. घरी आलो आणि तुझ्या आईला म्हटलं, नेस्ट, रडतेस कशाला? बोवेनांचं घराणं असंच वाढतं. ऊठ, स्वान्सीला जायचंय."