कोऱ्या भिंती

समोरच्या फ्लॅटच्या दाराला भाडेकरूंनी लावलेलं नवं तोरण पाहून दमयंतीबाईंच्या पोटात दुखलं. त्यांनी आणि मैत्रीण कुंदाने हे समोरासमोरचे दोन्ही फ्लॅट भाड्याने द्यायला एकदमच घेतले होते. कुंदाचे भाडेकरू सात वर्षं हलले नव्हते. यांचे मात्र अकरा महिन्यांचा करार संपला की सामान बांधायचे.

"असं काय करतेस गं त्यांच्यासाठी?" त्यांनी शेवटी कुंदाला विचारलंच.

"किल्लीसोबत हातोडी देते. म्हणते, फोटो हवे तिथे लावा."

"माझ्या भिंतीत मी आजवर एक खिळा ठोकू दिलेला नाही," दमयंतीबाई फणकारल्या.

मग आपल्या रिकाम्या फ्लॅटच्या कोऱ्या भिंती बघून आल्या आणि तडक हार्डवेअरच्या दुकानात गेल्या.

"हातोडी केवढी देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"कुंदाकडे आहे त्याहून मोठी."