पहिली वांगी

नूतननं वांग्याच्या चकत्यांना मीठ चोळलं आणि त्या चाळणीत मांडून ठेवल्या. थोड्या वेळानं त्यांना पाणी सुटू लागलं.

"वांगी रडवती व्हय गं?" स्वयंपाकघराच्या दारातून वैजयंती म्हणाली.

"कडूपणा निघून जातो, ताई."

"आपल्या वांग्यांत कुठला आलाय कडूपणा?"

काल चंपाषष्ठी झाली. आषाढापासून या घरात वांगं शिजत नाही. षष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच शिजतं. पंधरा वर्षं ते पहिलं भरीत थोरल्या सुनेच्या, वैजयंतीच्या हातचं. सासू धोंडाबाई पहिला घास घेऊन "जमलं" एवढंच म्हणायची, आणि त्या एका शब्दावर वैजयंतीचं वर्ष निघायचं.

काल धोंडाबाईनं घास घेतला आणि ताट सरकवलं. तापातून उठल्यापासून तिच्या जिभेला चव नव्हती. दूधभाकरी परत आली, पिठलं परत आलं, भरीतही परत आलं. आज सकाळी धाकटी सून नूतन म्हणाली, "आई, मी एक करून बघू?" आणि म्हातारी म्हणाली, "बघ." तेव्हापासून तो "बघ" वैजयंतीच्या घशात अडकून बसला होता.

नूतननं चकत्या पुसून तेलात सोडल्या. दुसऱ्या शेगडीवर उकळत्या पाण्यात टाकलेले टोमॅटो काढून ती त्यांची सालं सोलू लागली.

"आमी नारायणगावच्या बाजारात क्रेटच्या क्रेट घालतो," वैजयंती म्हणाली, "पण सोलून अजून कुणी मागितलं न्हाई."

नूतन हसली. लग्नाआधी ती पुण्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होती. हा प्रकार तिथंच शिकलेली. इटलीच्या खाली सिसिली नावाचं बेट आहे, तिथं घरोघरी करतात म्हणे. तळलेली वांगी, टोमॅटोचा आटवलेला रस, त्यात उकडलेल्या पास्त्याच्या नळ्या, वरून किसलेलं खारं चीज. ते चीज इथं कुठलं मिळायला. तिनं सकाळीच दूध फाडून, मीठ लावून, फडक्यात बांधून वरवंट्याखाली दाबून ठेवलं होतं. म्हातारीच्या गळ्यात माळ, म्हणून लसूण मुळातच घेतला नव्हता.

"एकच राहिलं," ती म्हणाली. "बेझिल म्हणून एक पाला लागतो. यांना पुण्याहून आणायला सांगितला होता, विसरले."

"असतो कसा?"

"आपल्या तुळशीच्या नात्यातलाच. पण मऊ, गोडसर."

"मग तुळस घाल की. आणते मी."

दिवेलागण होऊन गेली होती. या घरात दिवा लागल्यावर तुळशीला हात लावत नाहीत. सकाळीसुद्धा वैजयंती आधी हात जोडायची, मग पान खुडायची. आज तिनं हात जोडले नाहीत. वृंदावनातल्या दिव्याच्या उजेडात तिनं जून, जांभळट शेंडे बघून ओरबाडले. काढ्यात ही तुळस किती झोंबते, ते तिला ठाऊक होतं. काल माझं ताट परतलं, आज हिचं परतू दे.

नूतननं तिच्या मुठीकडं पाहिलं. एक शेंडा उचलून हुंगला. मग म्हणाली, "तुमीच घाला, ताई."

वैजयंतीनं पानं तोडून ताटभर पसरली.

आतल्या खोलीत धोंडाबाई मोबाइलवर कीर्तन ऐकत पडली होती. दोघींनी तिला उठवून बसवलं. तिनं ताटातल्या लाल नळ्या बघून तोंड फिरवलं होतंच, तेवढ्यात तिची नजर पानांवर गेली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"तुळस ठेवली व्हय? मग हा परसादच झाला. त्याला न्हाई कसं म्हनू?"

तिनं घास घेतला. चावत राहिली. वैजयंती तिच्या ओठांकडं बघत होती.

"कायतरी झोंबलं," धोंडाबाई म्हणाली.

वैजयंतीनं ताटाला हात घातला. "नका खाऊ आई. मी दूधभाकर आणते."

"थांब गं. पंधरा दिसांनी जिभेला कायतरी कळलं." म्हातारीनं ताट आपल्याकडं ओढलं. "ते कीर्तन जरा बारीक कर."

नूतननं आवाज कमी केला. कीर्तन रंगात आलेलं असताना म्हातारीनं असं कधी म्हटलं नव्हतं. धोंडाबाई एकेक नळी बोटांनी उचलून खात राहिली. वांग्याची शेवटची फोड तिनं रसात फिरवून घेतली आणि बोटं चाटली.

"तुळस कुनी घातली?"

"ताईंनी," नूतन म्हणाली.

"तरीच," म्हातारी म्हणाली. "जमलं, वैजू."

वैजयंती रिकामं ताट घेऊन स्वयंपाकघरात आली. मागोमाग नूतन आली. तिनं कढईत उरलेल्या नळ्या दोन ताटल्यांत वाढल्या आणि एक थोरलीपुढं सरकवली.

"हॉटेलात एकदा बेझिल संपलं म्हणून मी तुळस घातली होती," ती म्हणाली. "अख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं."

वैजयंतीनं मान वर केली. "मग मघाशी बोलली न्हाईस ते?"

"तुमी आपण होऊन पहिल्यांदाच काही आणून दिलंत, ताई."

वैजयंतीनं ताटली तशीच ठेवली आणि अंगणात आली. वृंदावनातला दिवा अजून तेवत होता. तुळशीचे बोडके देठ दिसत होते. तिनं हात जोडून कपाळाला लावले. त्या हातांना तुळशीचाच वास येत होता.