आत्याची फुंकर

बारशाला आलेल्यांना दारातच मास्क दिले जात होते, कारण सक्तीची नवी लस अशी होती, की ती घेतलेल्या माणसाच्या नुसत्या श्वासातून दुसऱ्यालाही लागायची. "माझ्या मुलाला ती नको," एवढंच विलास सगळ्यांना सांगत आला होता. लस घेतलेल्या त्याच्या बहिणीला, मृदुलाला, तो निव्वळ हट्ट वाटत होता.

बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या म्हणून ती पाळण्यावर वाकली, मास्क खाली ओढला आणि त्याच्या तोंडावर हलकेच फुंकर घातली.

"झालं, दादा. आता भांडण मिटलं."

विलासने झटकन बाळाला पाळण्यातून उचललं. "अगं, त्याच्या रक्तातच दोष आहे. ही लस त्याला झेपणार नाही, डॉक्टरांनी बजावलंय. लोक काय म्हणतील म्हणून कुणाला बोललो नव्हतो."

मागे बायका हसत विचारत होत्या, "अहो आत्याबाई, नाव काय ठेवलं?"